हेमावतीनं बदललेला शेवट

हेमावतीला सिनेमातली रडकी नायिका नजरेसमोर नको असायची. "तीन तास रडती, पण एक केस हलत न्हाई हिचा. आमी घटकाभर चुलीम्होरं बसलो की झिंज्या होत्यात," असं ती म्हणायची, आणि जोडभावी पेठेतल्या एका अंगणात बिड्या वळत बसलेल्या दहा-बारा बायका हात न थांबवता हसायच्या. नायकाची आई शिलाई मशीनवर बसलेली दिसली की पुढच्या घटकेला ती खोकणार, हे हेमावती आधीच सांगून मोकळी. मारामारीतल्या खुर्च्या सुताराकडून अर्ध्या तोडूनच आणतात, हे तिचं ठाम मत. कव्वाली मात्र तिला जीव की प्राण, कारण तिच्यात बाई पुरुषाला सगळ्यांसमोर उत्तर देते आणि वर टाळ्या घेते. रेडिओवर दर बुधवारी गाण्यांचे नंबर लागत, त्यातला पहिला नंबर तिला जन्मात कधी पटला नाही. "कोण लावतंय हे नंबर? माझ्याकडं लावून द्या म्हणावं त्याला."

घरात या मतांना काडीची किंमत नव्हती. नवरा गुरुबसप्पा भुसाराच्या दुकानात मापाड्या होता. जेवताना ती काही बोलायला लागली की तो ताटाकडं बघत "मीठ दे" म्हणायचा. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी 'तुला काय वाटतं' हा प्रश्न त्या घरात तिला कुणी विचारला नव्हता. अंगणात विचारत. बायका बहुतेक तेलुगू घरांतल्या. मराठी कामापुरतं, हिंदी तर डोक्यावरून जायचं. हेमावती वळसंग गावची, घरात कानडी बोलणारी, पण गल्लीतल्या मुसलमान बायकांत बसून फडाफडा हिंदी शिकलेली. म्हणून शुक्रवारी नवा सिनेमा लागला की सगळ्याजणी मिळून तिलाच दुपारच्या खेळाला धाडायच्या. तिच्या वाटणीच्या बिड्या त्या दिवशी बाकीच्या वळून देत, कुणी पन्नास, कुणी शंभर. बिडी कारखान्यात माल घालताना तिच्या हजार बिड्या पुऱ्या भरायच्या. शनिवारी सकाळी मांडीवर तंबाखू-पानांचं सूप घेऊन ती सिनेमा सांगायला बसायची, गाण्यांसकट.

आता सांगणारीला मतं असली की सिनेमा जसाच्या तसा थोडाच राहतो? आधी ती फक्त तिरकं बोलायची. मग एकदा गुंड आल्यावर नायिकेनं नायकाला नुसती हाक मारली होती, तिथं हेमावतीनं तिच्या हातात मुसळ दिलं. बायका खूष झाल्या. पुढं मरणारी बहीण वाचली, लबाड सासू जेलात गेली. कुणी पडताळायला जाणार नव्हतं. तिला त्यात खोटेपणा वाटत नव्हता, उलट सिनेमावाल्यांच्या चुका आपण दुरुस्त करतो, असंच तिला वाटायचं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक रडका सिनेमा लागला. बंगल्यातली बाई, नवरा पिऊन मारणारा. मध्यंतरानंतर ती पोराला कडेवर घेऊन घराबाहेर पडते, आणि हेमावती खुर्चीत पुढं सरकून बसली. वाटलं, आता आली बघ बाई एक मनासारखी. पण शेवटाला ती बया परत आली, नवऱ्याच्या पायावर कोसळली, माझंच चुकलं म्हणाली. लेडीजच्या रांगांत हुंदके चाललेले. हेमावती तोंड आवळून बसून होती. तिला इतका राग आला होता, की येताना चपलेचा अंगठा तुटला तेही तिला घरी आल्यावर कळलं.

शनिवारी तिनं सांगितलं, बाई परत गेलीच नाही. तिनं खोली घेतली, शिवणकाम धरलं. नवरा दारात येऊन रडला, तिनं कडी काढली नाही.

"खोली कुटं घेतली?" सिद्धम्मानं विचारलं. ती एरवी बोलायची नाही. पंचविशीची, एका पोरीची आई. नवरा नागप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. तिच्या दंडावरच्या वळांना अंगणातल्या बायका आता सरावल्या होत्या.

"लांब न्हाई काय," हेमावती म्हणाली. "चार गल्ल्या सोडून."

"आन् त्यानं दार फोडलं न्हाई?"

"चार लोकांत राहिली की ती. चाळीत. कुनाची छाती हाय दार फोडायची?"

आठ दिवसांनी सिद्धम्मानं चार गल्ल्या सोडून चाळीत खोली घेतली. पोरीला घेऊन, एक ट्रंक घेऊन. नागप्पा दोनदा आला, बोंबलला, चाळीतले लोक जमले तसा गेला. अंगणात कौतुकाला पार नव्हता. सिद्धम्मा जेवायला लागली, अंगावर मूठभर मांस आलं, एकदा तर वळता वळता गाणं गुणगुणली. हेमावतीनं सुराची चूक काढली आणि मनात म्हणाली, हे मी केलं. वीस वर्षांत तिचं एक तरी मत कुणाच्या कामाला आलं होतं.

दिवाळीला तोच सिनेमा दुसऱ्या टॉकीजला कमी दरात परत लागला. महानंदा, अंगणातली थोरली, म्हणाली, "आपल्या सिद्धीचा सिनेमा! सगळ्याजणी जाऊ." हेमावती रिळं तुटलीत म्हणाली, गाणी कापलीत म्हणाली, त्या टॉकीजात ढेकूण आहेत म्हणाली. कुणी ऐकलं नाही. त्याच वेळी सिद्धम्माला बाजूला घेऊन खरं सांगायचं होतं. तिचं धाडस झालं नाही.

पडद्यावरची बाई नवऱ्याच्या पायावर कोसळली तेव्हा अख्खी रांग हेमावतीकडं वळून बघायला लागली. हे कळायला हिंदी लागत नव्हतं. एकटी सिद्धम्मा पडद्याकडं बघत होती. दिवे लागले तरी बघत होती.

"ती परत गेली, अक्का," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"अगं, सिनेमा कुटं खरा असतोय?"

"बंगलेवाली होती ती. तिला न्हाई जमलं. मला कसं जमंल?"

चौथ्या दिवशी सिद्धम्मा पोरीला आणि ट्रंक घेऊन नवऱ्याच्या घरी परत गेली. त्याच आठवड्यात तिचा ओठ फुटला.

मग जे व्हायचं ते झालं. अंगणात हेमावतीचं नाव खोटारडी पडलं. मुसळ बघून टाळ्या पिटणाऱ्या त्याच बायका आता म्हणायला लागल्या, हिच्या नादानं एका बाईचं घर मोडत होतं. तिच्या वाटणीच्या बिड्या वळून देणं बंद झालं. नागप्पा तर थेट गुरुबसप्पाच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर बोलला, तुझी बायको लोकांच्या बायका पळवून लावते. गुरुबसप्पानं हात जोडले. घरी आला, पाय धुतले, ताटावर बसला आणि म्हणाला, "उद्यापासनं टॉकीज बंद. बुधवारचा रेडिओ बी बंद. सिनेमा सांगनं बी."

पौष लागला. एका दुपारी बायका माल घालायला कारखान्यात गेल्या होत्या आणि अंगणात दोघीच उरल्या. सिद्धम्मा सूप घेऊन हेमावतीच्या शेजारी सरकली. डावा डोळा सुजलेला होता.

"अक्का, मला तुझा राग न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या खोलीत मी लई झोपले बघ. पाच-सा म्हैने. खोटं तर खोटं. परत एकदा सांग की. ती बाई कडी लावती ते."

हेमावतीला रडू आलं. सिनेमातली रडते तसं नाही, नाकातून पाणी येणारं.

"न्हाई जमायचं गं आता. ह्यांनी बंद केलंय सगळं. सिनेमा, रेडिओ, त्यातलं बोलनं सुदिक."

सिद्धम्मानं तिच्याकडं बघितलं.

"मग तू काय म्हनलीस त्यास्नी?"

हेमावतीनं पान कात्रीत धरलं होतं. ते कापलं, दुसरं घेतलं.

"बरं म्हनले," ती म्हणाली.