पाठ फिरवून दिलेलं तिरफळ

आमच्या घरात दातदुखीवर तिरफळ द्यायची एक रीत आहे. कुटलेलं तिरफळ खोबरेलात कढवून बरणीत ठेवलेलं असतं. त्यात कापसाचा बोळा बुडवायचा, दुखणेकऱ्याच्या तळहातावर ठेवायचा आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. तो आपल्या हातानं बोळा दाढेखाली दाबतो. जरा वेळानं जिभेला मुंग्या येतात, गाल जड होतो आणि तो मागून म्हणतो, "लागलं." मग वळायचं. देणाऱ्यानं दुखणेकऱ्याच्या तोंडात बघायचं नाही. बघितलं तर औषधाचा गुण जातो, असं वडील सांगायचे. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

ही रीत मी एकदा मोडली. वहिनीच्या तोंडात बघितलं. जे दिसलं ते काय आहे हे मला तिथंच कळलं, आणि मी ते दीड महिना कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. आज तिचा डाव्या बाजूचा जबडा नाही. एवढं आधीच लिहून टाकतो, नाहीतर झाडाबद्दल लिहिता लिहिता मी नेहमीसारखा निसटून जाईन.

झाडाबद्दल बोलणं मला सोपं जातं. मलकापूरच्या वरच्या अंगाला, घाटाकडं तोंड करून आमचं रान आहे. बांधावर तिरफळाची चौदा झाडं आहेत. लिंबाच्याच भावकीतलं हे झाड, पान चुरगाळलं की बोटांना तसाच वास येतो. पण काट्यांच्या बाबतीत लिंबू त्याच्यापुढं गरीब म्हणायचं. खोडावर बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार असे जाडजूड काटे, माकडसुद्धा चढायच्या भानगडीत पडत नाही. मोकळं सोडलं तर झाड घराच्या वर जातं. आम्ही दरसाल शेंडा खुडतो आणि त्याचं झुडूपच ठेवतो. आकडीनं फांदी वाकवली की घोस हाताला आला पाहिजे. बी पेरून उगवेल याचा भरवसा नाही. वडील पावसाळ्यात, पाखरं जिथं बसतात त्या मोठ्या झाडांखाली उकिडवे बसून रोपं हुडकायचे आणि मातीच्या गोळ्यासकट उचलून आणायचे. मीही तेच करतो.

गणपतीच्या सुमारास घोस भरतात. तिथून दसऱ्यापर्यंत तोडणी. आमच्याकडं तेव्हा पाऊस हटलेला नसतो, त्यामुळं खरं काम तोडणीचं नाही, वाळवणीचं. जरा उघडीप मिळाली की ताडपत्री अंगणात, ढग आला की पळत आत. फळ वाळलं की आपसूक उकलतं आणि आतलं काळं चकचकीत बी दिसतं. ते बी काढून टाकायचं आणि टरफल ठेवायचं. सगळा गुण टरफलात. मसालेवाले तेच घेतात, माशाच्या कालवणात तेच पडतं, दाढेला तेच. एकेक बी हातानं काढावं लागतं आणि हे काम वहिनीइतकं चटचट कुणालाच जमत नाही. काट्यातून घोस काढतानाही तिच्या हाताला कधी ओरखडा बघितला नाही.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी सातवीत होतो. आई आदल्या वर्षीच गेली होती. वहिनी मला चारचौघांच्या रीतीनं भावजी म्हणायची आणि त्याच दमात अरे-तुरेही करायची. "भावजी, मेल्या, डबा इसरलास की!" माझ्या शाळेच्या डब्यापासून माझ्या लग्नातल्या मुंडावळ्यांपर्यंत सगळं तिनं बघितलं. दादा दूध संस्थेत, पहाटे जाणार आणि दुपारी येऊन झोपणार. माझी बायको अंगणवाडीत. त्यामुळं रानात आणि अंगणात असायचो ते मी आणि वहिनी.

तिला मिश्रीची सवय होती. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायकांना असते तशीच. तंबाखू तव्यावर भाजायची, चुरायची आणि सकाळ-दुपार हिरड्यांना लावायची. तंबाखूची पुडी मलकापूरच्या बाजारातून मीच आणायचो. पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. ती चित्राची बाजू खाली करून पुडी फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "ह्याला बघून भूक मरती बाबा."

त्या वर्षी आषाढापासून तिची डावी दाढ दुखायची. मी तिला बोळा द्यायचो, पाठ करायचो, ती "लागलं" म्हणायची, मी वळायचो. पुढं पुढं दिवसाला दोन-तीन बोळे लागायला लागले. मला त्याचा एक प्रकारे अभिमानच वाटत होता. औषध घरचं, झाड घरचं, डॉक्टरकडं जायची गरज नाही.

गणपती जाऊन चार दिवस झाले होते. दुपारची वेळ, बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. ताडपत्री भरून तिरफळं पसरलेली. ती बी काढत बसली होती, गालात बोळा धरून. एकदम म्हणाली, "अरे, बोळा मागं सरकलाय. गाल बधिर झालाय, जीब पोचत न्हाई. काढ की."

"मी कसा बघू? बघायचं नसतंय."

"आता घशात गेल्यावर बघणार हायस व्हय?"

तिनं तोंड उघडलं. पूर्ण उघडत नव्हतं, दोन बोटं जातील एवढंच. मी मोबाइलची बॅटरी लावली. बोळा दिसला. त्याच्या शेजारी, गालाच्या आतल्या अंगाला, रुपयाएवढा पांढरट चट्टा होता. कडा उचललेल्या आणि मधोमध लाल. बोळा काढताना माझं बोट त्याला लागलं. ती जराही हलली नाही. तिला काही कळलंच नाही, कारण तिथं आमचं तिरफळ लागलेलं होतं.

फळीवरची पुडी माझ्या डोळ्यासमोर आली. तेच चित्र.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "दातानं गाल चावलाय. बरं हुईल."

"मग बरं," म्हणाली आणि परत सुपाकडं वळली.

का बोललो नाही, याची बरीच उत्तरं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो. ती घाबरली असती. मी काय डॉक्टर आहे? रीत मोडल्याचं सांगावं लागलं असतं. यातलं प्रत्येक थोडं थोडं खरं आहे, आणि ही सगळी मी नंतर जुळवलेली आहेत. त्या दुपारी माझ्या डोक्यात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं: आठ झाडं तोडायची राहिलीत, पुढं भात कापणीला येतंय आणि हिला आत्ता कोल्हापूरला न्यायचं म्हणजे हंगाम गेला. मला कामाला तिचे हात हवे होते. हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही.

दसरा झाला की बोलू म्हटलं. दसरा झाला, मग भात. भात घरात आलं, मग म्हटलं दिवाळी होऊ दे, सणासुदीला कशाला. दरम्यान ती बोळा मागायची आणि मी द्यायचो. पाठ मात्र पूर्वीपेक्षा लवकर फिरवायला लागलो. पाठ फिरवायला रीत होतीच.

भाऊबीजेला तिची लेक आली. तिला गडमुडशिंगीत दिली आहे. फराळाला बसल्यावर तिनं बघितलं, आई करंजीचा तुकडा बोटानं आत सारतेय आणि एकाच बाजूनं चावतेय.

"आई, आ कर."

"दाढ हाय गं. काकाचं औषध चालू हाय."

"आ कर म्हणते न्हवं!"

तिनं बघितलं. ताट तसंच ठेवून बाहेर आली, नवऱ्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाडीतून कोल्हापूरला. मीही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं?

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले याला?"

वहिनी म्हणाली, "असतील की पंधरा-वीस दिवस."

मी तिच्या खुर्चीमागं उभा होतो. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, खरं म्हणजे सगळ्यांकडंच बघत होते. मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडं बघत राहिलो.

"दुखत नव्हतं?"

"दुखलं की तिरफळ लावत हुते."

ते काही टोचून बोलले नाहीत. लिहून घेतलं. जरा आधी आला असता तर जबड्याला हात लावावा लागला नसता, एवढंच दादाला बाजूला घेऊन म्हणाले. दादानं ते गाडीत आम्हाला सांगितलं. मी खिडकीकडच्या बाजूला बसलो होतो.

ऑपरेशन झालं. छातीचं मांस काढून गालाला लावलं. मग किरणांचे शेक दिले, तीसहून जास्त. मी एकही फेरी चुकवली नाही. तिला हाताला धरून न्यायचं, बाकावर बसवायचं, पातळ पेज पाजायची. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, "नशीब लागतं असा दीर मिळायला." वहिनी मान हलवायची. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायची. एकदा पाटीवर लिहिलं, "भावजी, जेवलास का?" मी जिन्यात जाऊन बसलो. रडलो बिडलो नाही. नुसता बसलो.

ती जगली. याला आता तिसरं वर्ष. लाळ सुकली, चव गेली, वाक्यं तोकडी झाली. मिश्रीची फळी रिकामी आहे. गेल्या हंगामात डॉक्टरांनी हलकं काम करा म्हटल्यावर तिनं स्वतःहून सूप ओढलं आणि बी काढायला बसली. हात अजून तसेच चटचट चालतात.

मी तिच्यासमोर बसलो होतो. ऊन होतं. ताडपत्रीही तीच. त्या दिवशी मुद्दाम ठरवलं होतं असं नाही. तिनं एक उकललेलं फळ उचललं, हुंगलं आणि म्हणाली, "वास येत न्हाई आता." आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"वैनी, मला त्या दिवशी दिसलंतं."

"कुठल्या?"

"बोळा काढला तवा. गणपती झाल्यावर. चट्टा दिसलाता. काय हाय ते कळलंतं मला."

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन बिया काढून झाल्या. मग तिनं मान वर केली.

"मग सांगायचं की."

एवढंच. आवाज चढवून नाही, रडून नाही. सकाळी दूध नासलंय हे सांगायचं राहिलं तर म्हणावं तसं. मी तोडणीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. हातांचंही सांगितलं, म्हणजे मला तिचे हात हवे होते हे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दिवाळीपातूर हितंच बसला हुतास. माझ्यासमोर." मग सूप उचललं आणि आत गेली.

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढायची, पण "भावजी" नाही आणि "मेल्या" तर नाहीच. दादाला तिनं काही सांगितलं नाही हे मला त्याच्या वागण्यावरून कळत होतं. म्हणजे तेही ओझं तिनंच घेतलं. मी माफी मागितली नव्हती. मागून काय मिळवणार होतो? तिनं "असू दे" म्हणावं म्हणून? ते तिच्याकडून काढून घ्यायचा हक्क मला नाही, असं मला वाटतं.

एक दिवस सकाळी मोटारसायकलवरून एक गडी आला. पलीकडच्या वाडीचा, गाल धरून. तिशीचा असेल. शर्टाच्या खिशात पुडी.

"पावणं, बसा," मी म्हणालो. बरणी काढली, बोळा बुडवला, त्याच्या हातावर ठेवला आणि सवयीनं वळलो. समोर दारात वहिनी उभी होती.

"बघ," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"तोंडात बघ त्याच्या."

गडी बावरला. "ओ, तुमच्यात बघायचं नसतंय म्हणत्यात. गुण जातोय."

"जाऊ दे गेला तर," वहिनी म्हणाली. "उघडा."

मी वळलो. त्याला उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली, टाळूला. खालची दाढ किडून काळी पडली होती. बाकी तोंड गुलाबी, स्वच्छ.

"काय हाय?" वहिनीनं मागून विचारलं. त्या दुपारी विचारलं होतं, तेच.

"दाढ किडलीय. दुसरं काही न्हाई."

"खरं?"

गडी तोंड उघडं ठेवून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. मी बॅटरी पुन्हा आत धरली आणि सगळं तोंड पहिल्यापासून परत एकदा बघितलं.

"खरं," मी म्हणालो.