झाड सापडू लागलं

आमच्या बाजूला कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत, फळ सडतं म्हणतात. दाखवायचंच झालं तर मूठ वळून दाखवायचं. चिखल्याच्या आमच्या वाडीत एक जुना चिकू आहे, तो तर वडील कुणाला मुठीनेही दाखवत नसत. आमच्या नर्सरीतून गेलेलं एकूण एक कलम त्या एका झाडाचं लेकरू. गिऱ्हाईक आलं की वडील त्याला विहिरीकडून फिरवून न्यायचे, झाड नजरेला पडू द्यायचे नाहीत. वडलांमागे मीही तेच केलं. कुणी हसलं तर हसू दे. मी चौथी शिकलेला माणूस. मला पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या मी सोडत नाही.

मग तलासरीकडे हायवेला नव्या नर्सऱ्या झाल्या. मुंबईची, गुजरातची गाडी तिथेच थांबायची आणि रोपं भरून तिथूनच परत फिरायची. समुद्राकडे आमच्या गावात यायला कोण रिकामं आहे? आमची कलमं पिशवीत वाढत राहिली. पिशवी फाडून मुळ्या जमिनीत जाऊ लागल्या.

थोरली लेक तेव्हा डहाणू रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. ती म्हणाली, "बाबा, मी आपल्या नर्सरीची वेबसाइट करते."

मी म्हटलं, "कर. पण मला त्यात ओढू नकोस."

तिने केली. महिने गेले, कुणी आलं नाही. आमच्या हिने टोमणा मारलाच, "जगाला सांगितलंय म्हणे. जग काय बहिरं आहे?"

लेक हसली नाही. क्लासातून उशिरा आली, चपला काढता काढता म्हणाली, "आई, जगाला आपलं पान सापडतच नाही." मग मला समोर बसवून तिने समजावलं. इंटरनेटवर सर्च इंजिन म्हणून असतं. माणूस त्यात दोन-चार शब्द टाकतो आणि ते पानं शोधून देतं. पण त्याला फोटो दिसत नाही, ते फक्त अक्षरं वाचतं. "मी काय केलं माहितीये? सगळे फोटो टाकले. माथ्यावर नुसतं 'वेलकम' लिहिलं. आता 'वेलकम' टाकून चिकूचं कलम कोण शोधणार?"

"मग चिकू चिकू चिकू असं शंभरदा लिही की!"

"लिहितात तसं लोक. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवूनसुद्धा लिहितात. पुढे ते पकडलं जातं, आणि पानच काढून टाकतात. आपल्याला नाही करायचं तसं."

हे मला पटलं. खोटं कलम आणि खोटं पान, दोन्ही आज ना उद्या उघडं पडायचंच.

मग तिने माथ्यावर नीट लिहिलं: चिकूची कलमं, डहाणू तालुका. प्रत्येक फोटोखाली तो कशाचा ते लिहिलं. बाहेरचे लोक चिकूला सपोटा म्हणतात, तोही शब्द घातला. मी भांडलो, पण ती म्हणाली, शोधणारा त्याच्या तोंडातला शब्द टाकणार, आपल्या तोंडातला नाही. सर्च इंजिनांना पानाचा पत्ता कळवला. फळझाडांवर लिहिणाऱ्या दोघा-तिघांना विनंती करून त्यांच्या पानांवर आमचा पत्ता लावून घेतला. दुसऱ्याने नाव घेतलं की आपली पत वाढते, तसंच काहीसं.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी पानावर पाहिजे. बाबा, झाडाबद्दल सांगा."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "हायवेवाला म्हणतो, त्याच्याकडचं कलमही जुन्या झाडाचंच आहे."

"त्याच्या बापाने झाड पाहिलंय का कधी!" मी ओरडलो, आणि बोलायलाच लागलो. दुपारभर बोललो. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या रोपावर चिकूची काडी कशी बांधतात, वडलांनी झाड कुठून आणलं, कावडीने पाणी कसं घातलं, ते कुठे उभं आहे, कुठल्या वाटेने जायचं. ती घरच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाइप करत गेली. मराठी अक्षरं तेव्हा त्यावर धड उमटत नसत. माझंच बोलणं मला वाचता येईना.

काही आठवड्यांनी ती पळत आली. "बाबा, पहिले आलो! सपोटा टाका नाहीतर चिकू टाका, आपणच वर!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पहिली गाडी आली ती दमणकडची. घरापाशी थांबलीच नाही, विहिरीच्या उलट्या अंगाने थेट आत गेली. मी काठी घेऊन मागे धावलो. एक जाडा गृहस्थ हातात आमच्या वेबसाइटचा छापील कागद धरून झाडाखाली उभा होता आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट वर, फळांकडे.

"काका, आ ज पेलुं झाड ने?" हेच ना ते झाड, असं तो गुजरातीत विचारत होता.

त्याचं बोट धरून मी खाली केलं. तो हसला, त्याला वाटलं मी हात मिळवतोय.

मग येतच राहिले. कधी दोघं, कधी कुटुंबच्या कुटुंब. घेणारे थोडे, बघणारे फार. सगळ्यांकडे तोच कागद, सगळ्यांना वाट पाठ. कुत्रं भुंकलं की मी जेवण अर्धं टाकून उठायचो. ही म्हणायची, "झाड काय पळून जातंय?"

झाड पळत नाही, हीच तर भीती. माणूस लपेल, गाय दुसरीकडे बांधता येईल. झाडाला लपायला पाय नाहीत.

एका सकाळी गेलो तर खालच्या फांद्यांना चीक लागलेला. पांढरे थेंब ओघळून सुकले होते. शेंड्याच्या काड्या गेलेल्या, आणि कापलेल्या तिरक्या, धारदार चाकूने. पोरासोरांचं काम नव्हे. पाचर कलम बांधणाऱ्याचा हात होता तो. मी तिथेच खाली बसलो. आज काड्या नेल्या, उद्या फांदी नेतील, परवा कुणी आमच्यावर जळून बुंध्याला विष घालील. कोण कुठला, कसा ओळखणार? मीच त्याला वाट सांगितली होती, मलाच कळत नसलेल्या भाषेत.

लेकीला म्हटलं, "काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

एरवी वाद घालणारी पोर, पण माझा चेहरा बघून लगेच फोनची वायर कॉम्प्युटरला लावून बसली; इंटरनेट तेव्हा तसंच लागायचं. झाडाचा मजकूर काढला. त्या जागी लिहिलं की झाड बघायला मिळणार नाही, फाटकाबाहेर हाक मारावी, कलम मालक स्वतः देतील.

"झालं?"

तिने पुन्हा शोधून बघितलं, मग परत एकदा बघितलं.

"काय झालं ते बोल."

"मी काढलं, बाबा. पण सर्च इंजिनाकडे अजून जुनंच दिसतंय. ते पुन्हा येऊन वाचेल तेव्हा बदलेल."

"कधी येईल?"

"आत जायला आठवडे लागले होते ना? तसंच."

"फोन करून सांग त्यांना."

"कुणाला, बाबा? तिथे माणूस नसतो."

असली भीती मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी वादळ पाहिलंय, विहिरीत पडलोय, पण तिथे समोर काहीतरी असतं. इथे कुणाचे पाय धरायचे तेच ठाऊक नाही. मी झाडाखाली खुर्ची टाकली. ही डबा तिथेच आणून द्यायची. "आता तुम्हालाच कलम बांधतील," म्हणायची, पण डबा ठेवून तीही बराच वेळ बसून राहायची.

जुना कागद घेऊन लोक येतच राहिले. मी सगळ्यांना माघारी पाठवलं. काही चिडले. एकजण म्हणाला, मग लिहिता कशाला? त्याला मी फाटकापर्यंत पोचवून आलो.

मग एका दुपारी कुत्रं भुंकलं, आणि गाडीचा आवाज आत आलाच नाही. मी वाट बघितली. कुणीतरी हाक मारत होतं. जाऊन बघितलं तर वापीकडचा एक तरुण फाटकाबाहेर, दिवसभर उभं राहायची तयारी असल्यासारखा. "काका, आत येऊ? लिहिलंय की आधी हाक मारा."

मी त्याला विहिरीकडून नेलं, कलमं दिली. झाडाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

लेक घरी आल्यावर तिला सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर बघून मान डोलावली. "हो, ह्या सर्च इंजिनात नवीन मजकूर आलाय. पण बाबा, सर्च इंजिनं पुष्कळ आहेत. बाकीच्यांकडे..."

"किती राहिली?"

"ते मला नाही कळत."

झाडाखालची खुर्ची मी आता उचलून आणणार होतो. ती तिथेच राहू दिली आणि पुन्हा जाऊन तिच्यावर बसलो.