एकेचाळिसाव्या झाडाची शेपटी

टेकूला हे नाव आम्हीच दिलं. उभं राहायचं तर त्याला आधार लागे. भिंत, खांब, झाड, नाहीतर मी. घरी तो दाराच्या चौकटीला टेकून जेवतो, असं त्याची बायको सांगायची.

जंगलातल्या झाडांच्या बुंध्यांवर चुन्यानं आकडे घालायचं आमचं काम. मी समोर नीट उभा राहून आकडा काढायचो. टेकू बुंध्याला खांदा लावून, तोंड भलतीकडे करून, अंदाजानं ब्रश फिरवायचा.

असाच ४१ काढताना एकाचं वेटोळं झालं, त्यानं खाली शेपटी ओढली आणि शेपटी उडून गेली. झाडावर राहिला ४०.

दुपारी मुकादम तपासायला आला.

"दोन चाळीस? एकेचाळीस कुठं गेलं?"

"उडालं."

"झाड?"

"नाही हो, एकाची शेपटी. सरडा होता तिथं. घेऊन गेला."

"सकाळी काय पिऊन आलास?"

"चहा. तोही बायकोनं अर्धाच दिला."

"संध्याकाळपर्यंत सरडा दाखव. नाहीतर उद्यापासून खडी फोडायला जा."

टेकूचा चेहरा उतरला. खडी फोडताना टेकायला काही नसतं.

तो प्रथमच ताठ उभा राहिला. आम्ही तिघं वर बघत राहिलो.

"डोकं वर करून सालीला चिकटलेला असतो," टेकू म्हणाला. "रंगही सालीचाच. मुंग्यांची रांग असेल तिथं बघा, त्याच खातो तो."

"तो बघ!" मुकादम ओरडला.

"ती झाडाची गाठ आहे."

"मग तो?"

"तीपण गाठच."

"आता माझ्या मानेला गाठ येईल!"

ऊन कलायला लागलं. इतक्यात वर काहीतरी पिवळं चमकलं. सरड्यानं गळ्याखालची पिवळी पिशवी ताणली होती. मग त्यानं उडी टाकली. फासळ्या पसरल्या, दोन्ही कुशींची कातडी छत्रीसारखी उघडली, आणि तो तरंगत येऊन माझ्या चाळीस नंबरच्या झाडावर टेकला. नेमका शून्याखाली. वीतभर अंग, पाठीवर चुन्याची पांढरी रेघ.

"एकेचाळीस," मुकादमानं वाचलं.

सरडा वर सरकला.

"चाळीस," टेकू म्हणाला.

मुकादम हसता हसता खाली बसला. त्या तरंगण्याचं दोघांनी फार कौतुक केलं. मी चढणं बघत होतो. खाली यायला त्याला काही कष्ट पडले नाहीत, पण परत शेंड्यापर्यंतची सगळी चढण त्यानं नखांवर केली. चुना पुढं कातीबरोबर गेला असेल.

टेकूची खडी टळली. पण नवा नियम आला: आकडा घालण्याआधी बुंध्याभोवती फिरून तो हातानं थोपटायचा. एकाच्या आळसानं सगळ्यांचं काम वाढलं.

टेकू मात्र नोकरी संपेपर्यंत पुन्हा झाडाला टेकला नाही. "कुणी बसलेलं असेल," म्हणायचा, आणि सगळा भार माझ्या खांद्यावर टाकायचा.