साडूभाऊंची छोटी गाडी

आमच्या साडूंइतका रेल्वेवर जीव टाकणारा आणि तितक्याच नेमाने रेल्वे चुकवणारा माणूस दौंडपासून इंदापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी बावड्याचा, साखर कारखान्यात कारकुनी करणारा. ते बारामतीचे, रेडियमचं दुकान चालवणारे. मोटारसायकलच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आईची कृपा', टेम्पोच्या पाठीवर झेप घेणारा वाघ, हे सगळं ते चहा निवायच्या आत चिकटवून मोकळे होतात. पण ही झाली पोटापाण्याची विद्या. खरे साडू सुरू होतात दुकानामागच्या खोलीत. तिथं ते खेळण्यातल्या गाड्या रंगवतात. 'खेळण्यातल्या' हा शब्द माझा, त्यांच्यासमोर उच्चारलात तर चहा मिळणार नाही. ते 'मॉडेल' म्हणतात. पुण्याचे, बंगळूरचे, थेट जर्मनीचे हौशी लोक त्यांच्याकडे कोरे डबे पाठवतात आणि कळवतात, आम्हाला अमुक काळातली अमुक पॅसेंजर हवी. साडू त्या डब्यांना नेमका तो रंग चढवतात, खिडक्यांखालून केसाएवढी पिवळी रेघ ओढतात आणि मुंगीने वाचावीत अशी अक्षरं बसवतात. गाडी पोचली की तिकडून फोटो येतो आणि तो फोटो मी कारखान्यात टेबलोटेबली दाखवत फिरतो. 'आमच्या साडूंनी केलंय' हे ऐकून ऐकून आमचे हेडक्लार्क आता मला लांबून बघूनच फोन कानाला लावतात. लावू देत बापडे. त्यांच्या साडूंना साधा दरवाजा रंगवता येत नाही.

खऱ्या गाडीत मात्र साडू सरळ चढतील तर शपथ. आधी ती बाहेरून पूर्ण बघायची, पोपडे कुठे आलेत, नवा रंग जुन्यावर कसा बसलाय, डब्याच्या नंबरातला आठ कुणी काढलाय. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन सोलापूरकडे निघाले, तेव्हा दौंडला तिला खिडकीशी बसवून ते शेवटचा डबा बघून यायला गेले. गाडी सुटली. नवी नवरी, पिशव्या आणि दशम्यांचं फडकं असं सगळं पुढे गेलं आणि हे फलाटावर. पुढच्या स्टेशनावर बिचारी उतरून बसली होती. हे मागच्या गाडीने तिथं पोचले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "मागनं लई देखणी दिसत हुती गं." मेहुणीला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. पुढे काही वर्षं ती या गैरसमजावर सुखाने नांदली.

रंगकाम चालू असताना त्या घरात पंखा लावायचा नाही, झाडू मारायचा नाही आणि जोरात शिंकायचं तर गल्लीत जायचं. ओला डबा कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, वर मलमलचं फडकं टाकून वाळत ठेवलेला असतो. एकदा एक पाहुणे भर मे महिन्यात घामाघूम होऊन बसले होते. आत कोंबडी खुडूक बसली असेल, तिला त्रास नको, अशा समजुतीने त्यांनी पंख्याचं नावसुद्धा काढलं नाही. मग ती अक्षरं. पातळ कागदावर छापलेली असतात. कोमट पाण्यात भिजवली की कागद सुटतो आणि अक्षरांची साय अलगद डब्यावर सरकवायची. श्वास रोखून, चिमट्याने. मी एकदा शेजारी बसून कौतुकाने बघत होतो, तिथून तडक कन्हेरीला एका साखरपुड्याला गेलो. वडीलधारा म्हणून मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी बोलत होतो आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसपुसून माझ्या हनुवटीकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या दाढीवर 'महिलांसाठी' लिवलंय." इकडे साडू रात्रभर तेवढाच एक शब्द शोधत होते. मी सकाळी बारामतीला परतल्यावर माझ्या हनुवटीकडे त्यांनी ज्या मायेने बघितलं, तसं माझ्या बायकोनेही कधी बघितलेलं नाही.

एवढ्या गुणी माणसाला एकाच ठिकाणी पास होता आलं नव्हतं, आणि ते म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना दोन मुलीच, त्यामुळे काही महिने त्या आमच्याकडे बावड्याला आणि काही महिने बारामतीला असतात. मी कारखान्यातला, म्हणून मी शहाणा. साडूंबद्दल विचारलं की म्हणायच्या, "माणूस वाईट न्हाय. पर रंग वाळस्तवर गप बसतो, त्येला काय बोलायचं?" साडू वरून हसायचे, पण त्यांना ते लागायचं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत यायची नाही. त्या संध्याकाळी सासूबाई सहज बोलून गेल्या, "नांदाया गेले ती छोटी गाडी येकदा बघायला मिळाली आस्ती तर."

दौंड-बारामतीची ती अरुंद रुळांची छोटी गाडी बंद होऊन जमाना झाला. कन्हेरीचं माहेर सोडून सासूबाई त्या गाडीने शिरसुफळला सासरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साडूंनी जर्मनीच्या गिऱ्हाइकाने मागे भेट पाठवलेला मोठ्या मापाचा, हातभर लांबीचा कोरा डबा फळीवरून खाली काढला. नजर जायच्या आत त्यांना ती गाडी सासूबाईंना दाखवायची होती आणि त्यांच्या तोंडून 'हीच ती' ऐकायचं होतं.

अडलं रंगावर. फोटो मिळाले ते सगळे काळे-पांढरे. मग साडू म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडू लागले आणि दर रविवारी मला मागे बसवू लागले. कऱ्हाटीचे एक तात्या म्हणाले, "लाल हुती. गुळावानी." तिथंच बसलेले त्यांचे व्याही उसळले, "गुळावानी न्हवं, काकवीवानी! तुमी कवा बसला हुता?" "बसलो न्हाय तर काय गाडीमागं पळलो?" दोघांची बोलचाल बंद झाली ती आमच्यामुळे. साडूंनी मात्र गुऱ्हाळावरून लाल गुळाचा खडा, काळ्या गुळाचा खडा आणि बाटलीभर काकवी आणली, आणि त्यांच्याशी रंग ताडून बघू लागले. मुंग्यांनी ती खोली ताब्यात घेतली. शेवटी लाल गूळ आणि काकवी यांच्या मधला एक रंग ठरला. तो इतका सुरेख होता की मी डब्याला हात जोडले.

दिवाळीनंतर एका दुपारी साडूंनी डबा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यापाशी नेला, फिरवला, खूप वेळ बघितला. साडू भिंतीला टेकून उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखे. सासूबाई म्हणाल्या, "झ्याक हाय. पर हीच का, ते मी कसं सांगू पाव्हणं? मी बाहीरनं बघितली कुठं? डोईवर पदर, मान खाली. मला धरून आणलं आन् आत बसवलं. मला आतली ठावं."

मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वर्षाची मेहनत आणि दोन व्याह्यांचं भांडण, सगळं पाण्यात. साडूंनी मात्र डबा परत घेतला, नखाने चार ठिकाणी दाबून त्याचं छप्पर उचललं आणि ते सासूबाईंच्या पायाशी मांडी घालून बसले. "मग सांगा मामी. आत काय हुतं?"

तिथून पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. सासूबाई सांगायच्या आणि साडू रंगवायचे. भिंती हिरव्या, पण शेवाळाच्या नव्हेत, मुगाच्या. बाकं लाकडी पट्ट्यांची. खाली शेंगांची टरफलं. समोर पाठराखीण म्हणून आलेली आत्या, गाडी हलायच्या आधीच घोरायला लागलेली. वर भिंतीवर काहीतरी लिहिलेलं, पण तेव्हा वाचता येत नव्हतं. साडूंनी जुन्या लोकांना विचारून तीही अक्षरं बसवली. मेहुणीने वाचून दाखवलं, "आई, 'थुंकू नये' लिहिलंय." सासूबाई जरा हिरमुसल्या. "येवढंच व्हय? मला वाटायचं, कायतरी चांगलं आसंल."

आणि खिडकी. खिडकीच्या लाकडी झडपेची एक पट्टी मोडलेली होती. "त्या फटीतनं माझा बाप दिसत हुता. फलाटावर हुबा. पागुटं हातात धरल्यालं. त्यानं मला बघितलं न्हाय, म्या त्येला बघितलं. गाडी हलंस्तवर बघितलं." साडूंनी काडीच्या जाडीच्या पट्ट्या चिकटवून अख्खी झडप बनवली होती. ज्या माणसाने आयुष्यात डब्याला ओरखडा खपवून घेतला नाही, त्याने त्यातली एक पट्टी आपल्या हाताने मोडली. सासूबाईंनी डबा डोळ्याला लावला. तोवर नजर धुक्यासारखी झाली होती. किती दिसलं देव जाणे. पण त्या म्हणाल्या, "हीच ती," आणि मग पोरीसारख्या हमसून रडल्या. साडूही रडले. मला त्या क्षणी माझ्या साडूंचा जितका अभिमान वाटला, तितका माझा स्वतःचाही कधी वाटलेला नाही.

आता सासूबाईंना काहीच दिसत नाही. दुपारी कुणी शेजारी नसलं की त्या डबा मांडीवर घेतात आणि बोटं आत घालून बाकावरून फिरवत बसतात. खिडकीशेजारच्या जागेवरचा रंग पार उडालाय, खालचं प्लॅस्टिक दिसायला लागलंय. परवा बारामतीला गेलो तेव्हा माझ्या नजरेत ते आलं. मी साडूंना हळूच म्हटलं, तेवढ्या जागी पुन्हा एक हात मारा की, तुमच्या कामाला हे शोभत नाही.

"ऱ्हाऊ द्या साडूभाऊ," ते म्हणाले. "तितं त्या बसत्यात."