भीमानाना होडी बघायला गेले

भीमानानांनी आयुष्यात मुली पाहिल्या, बैल पाहिले, जावई पाहिला. पण होडी बघायला जायची वेळ त्यांच्यावर साठीत आली. बरं, पोहायला येत नाही, आणि पाण्यात कमरेपेक्षा खोल कधी गेलेले नाहीत. तरी डोक्याला धुतलेलं मुंडासं बांधून, मुलगी बघायला निघावं तशा थाटात ते निघाले.

नाना मोटा शिवायचे. पंचक्रोशीत विहीर कुणाचीही असो, तिच्यावरची मोट नानांच्या हातची. टाका असा बारीक की सुई कुठून गेली ते शोधावं. पुढे विहिरींवर इंजिनं धडधडू लागली आणि मोटा गोठ्यात जाऊन पडल्या. शेवटच्या मोटेसाठी कमावलेलं म्हशीचं कातडं नानांनी तेल पाजून आढ्याला टांगून ठेवलं होतं. मोट सांगायला कुणी आलंच नाही. गल्लीतले टवाळ विचारायचे, "नाना, त्याच्या चपला करा की!" नाना नुसतं बघायचे. त्या बघण्यानंच माणूस पुढे सरकायचा.

मुळा नदीवर धरण झालं आणि दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात पाणी तुडुंब चढलं. नानांची एकुलती एक मुलगी मनकर्णा पलीकडच्या वाडीत दिलेली. आधी नदी ओलांडली की तिचं घर. तिनं चुलीवर भाकरी टाकावी आणि नानांनी ती तव्यावरून उतरायच्या आत पोहोचावं, एवढंच अंतर. आता मधे पाणीच पाणी. वळसा घालून बैलगाडी, एस.टी., पुन्हा बैलगाडी, असा अख्खा दिवस. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच तिला कळा आल्या. नानांच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्स एलिझाबेथबाई निरोप मिळताच निघाल्या, पण पोहोचल्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला. लेकरू हाती लागलं नाही.

आता मनकर्णाला पुन्हा दिवस गेले होते. बाईंनी बजावलं होतं, "माहेरी आणा, माझ्या नजरेसमोर. पण गाडीचा एकही हिसका बसता कामा नये." म्हणजे आणायचं कसं? हिसका न देणारी वाट एकच होती, पाण्यावरची.

धरणावरच्या एका इंजिनिअर साहेबांची बदली झाली होती आणि त्यांची शिडाची छोटी होडी विकायची होती. साहेबांना रविवारी फिरवणारा श्रीमंत नावाचा भोई ती चालवायला तयार होता. दवाखान्याला ती होडी घ्यायची म्हणून गावानं वर्गणी जमवली. अडलं एवढंच, की होडी पारखायची कुणी? श्रीमंत म्हणाला, "मला चालवाया येती, तपासाया न्हाई." तेव्हा एलिझाबेथबाई म्हणाल्या, "पाणी कुठून गळतं हे नानांइतकं कोणाला कळतं? नानांना नेऊ."

बाभळीखाली होडी ओंडक्यांवर ठेवली होती. नवा निळा रंग, उन्हात चकचकीत. नानांनी तिला एक फेरी घातली. पुढून बघितलं, मागून बघितलं, बोटाच्या पेरानं फळ्या वाजवून पाहिल्या. शीड हातात आलं तेव्हा मात्र गडी खुलला.

"टाका दुहेरी हाय. दोऱ्याला मेन पाजलंय. ज्यानं शिवलं त्याला हात हुता, बाई."

मग डोलकाठीच्या शेंड्याकडे मान गेली आणि नाना लहान पोरासारखे ओरडले, "आरं, हितं बी चाक हाय!" दोर शिडाला बांधलेला, चाकावरून खाली आलेला. थेट विहिरीवर मोट ओढायचा नाडाच. त्यांनी दोर हातातून सरकवला, एका जागी थांबून पीळ उकलला. "हा बदला. आतनं कुजलाय."

साहेब कौतुकानं बघत होते. "मग, पसंत ना?"

"थांबा की सायेब. आजून पानी कुटं पाजलंय?" असं म्हणून नानांनी होडीच्या पोटाखाली आणखी दोन ओंडके सारले, चुलीतली राख मागवली आणि ती बाहेरून सगळ्या फळ्यांना चोळली. निळी नवरी पार भस्म लावलेल्या गोसाव्यासारखी झाली. मग ते श्रीमंतला म्हणाले, "आन पानी. वत आत."

साहेबांना हसू आवरेना. "अहो नाना, होडी पाण्यात घालायची असते! पाणी होडीत नाही!"

श्रीमंतही हसला. एलिझाबेथबाईसुद्धा पदराआड हसल्या. नानांनी कुणाकडे पाहिलं नाही. नवी मोट ते अशीच टांगून, भरून, राख लावून बघत आले होते.

"सायेब," ते म्हणाले, "पान्याला आत-भाईर कळत न्हाई. जितनं ते भाईर येतंय, तितनंच आत बी जातंय."

गुडघाभर पाणी भरलं. नाना जमिनीवर उकिडवे बसले. पान खाऊन झालं.  आणि मागच्या बाजूला, तळाच्या दोन फळ्यांच्या सांध्यावर, राखेत एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली, रेघेला थेंब आला.

नानांनी नखानं तिथला रंग खरवडला. खाली फट बुजवायची लांबी भरलेली, आणि लांबीखाली हातभर उघडा सांधा. साहेब ओशाळले. बिचाऱ्यांनी रंगाऱ्यावर भरवसा ठेवला होता. "मला खरंच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "नका घेऊ. माझं मन मला खाईल."

आता सगळे नानांच्या तोंडाकडे बघू लागले. मनकर्णाला सातवा लागायला पंधरा दिवस उरले होते. दुसरी होडी कुठून आणणार? आणि हीच घ्यावी, तर तिच्यात कुणाची नाही, आपलीच लेक बसायची. नानांनी ओल्या फळीवर तळवा टेकला आणि सांध्यावरून पुन्हा पुन्हा फिरवला. त्यांना भीती वाटत होती, आणि ती लपवायची अक्कल त्यांच्याकडे नव्हती.

"घ्या, बाई," शेवटी ते म्हणाले. "गळती सापडली म्हंजी निम्मं काम झालं. न सापडलेलीच बुडवती. पर ठिगळ मी लावनार."

घरी येऊन त्यांनी आढ्याचं कातडं उतरवलं. आठ दिवस नाना होडीपाशीच होते. सांध्यातली लांबी काढली, तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस ठासला, वर कातडं बसवलं आणि तांब्याच्या बारीक चुका अशा जवळजवळ ठोकल्या की मुंगीनं वाट मागावी. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा राख चोळली. दिवस मावळेपर्यंत राख पांढरीच राहिली. गावातले टवाळ बघायला आले होते. चपलांचं कुणी बोललं नाही.

मनकर्णाला आणायला श्रीमंत आणि बाई गेले, तसे नानाही गेले. जाताना डोळे मिटून बसले होते. येताना मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवले. श्रीमंतनं शीड उभारलं, वारा भरला, होडी किंचित कलली. मनकर्णानं पोटावर हात धरून एकदम श्वास आत घेतला. मग तिच्या ध्यानात आलं की हिसका म्हणून बसत नाही. पाणी नुसतं बाजूनं सळसळत जातंय.

तिनं वळून पाहिलं. नाना मागे, तळाशी दुमडून बसले होते आणि उजवा तळवा ठिगळाच्या जागी आतून दाबून धरला होता. मुंडासं सुटून मांडीवर आलेलं.

"नाना, पाठ धरंल तुमची. सरळ बसा की."

"तू गप बस. फुडं बघ."

होडी काठाला लागली. श्रीमंतनं उडी मारून दोर बांधला. बाईंनी मनकर्णाला हाताला धरून उतरवलं. नाना अजून तसेच.

"नाना," मनकर्णा काठावरून म्हणाली, "म्हायेर आलं. सोडा आता."

नानांनी हात उचलला, उलटा केला, निरखून पाहिला. मग हात तसाच वर धरून ते बाईंना म्हणाले, "बगा, बाई. कोरडा हाय."

आणि तोच हात त्यांनी, काठावर चढायला आधार हवा म्हणून, लेकीपुढे केला.