पोवळ्यांचं पाणी

हिंगोलीत समुद्र आणायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि मी बैठकीत काचेच्या टाकीत खारं पाणी भरून जिवंत पोवळी पाळत होतो. लोक बघायला यायचे आणि विचारायचे, अंगठीत घालतात तेच का हे? सुरुवातीला मी समजावून सांगायचो, की अंगठीतला तो नुसता सांगाडा, हे मऊ जातीचे जिवंत प्राणी आहेत. पुढे पुढे कंटाळून 'हो, तेच' म्हणायला लागलो.

टाकी पुण्याची. आईच्या आजारपणात तिथली नोकरी सोडून आलो तेव्हा सगळं विकलं, पण टाकी विकवली नाही. इथल्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि थोड्याच दिवसांत आई गेली. मागे उरलो मी आणि वडील. एकमेकांशी काय बोलायचं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं तो कारभार आईकडे होता.

वडिलांनी जन्मभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावरही रोज पायी डेपोत जाऊन यायचे, उगाच, गाड्या वेळेवर सुटतात का ते बघायला. आई गेल्यावर तेही थांबलं. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. मला राग आला. सांगायला यांचं काय जातं?

पण गुंतलं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलं की पोवळी मान टाकतात, म्हणून पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दुपारभर लावावा लागतो. मी कॉलेजात असायचो, तेव्हा नाइलाजानं ते काम त्यांच्याकडे दिलं. लाइट गेली की पंखा इन्व्हर्टरवर घ्यायचा, एवढंच. काही दिवसांनी बघतो तर टाकीसमोर खुर्ची आली होती. टाकीत एक पोवळं होतं, त्याची बोटांसारखी टोकं सारखी उघडायची आणि मिटायची. एकदा त्याच्याकडे बघत वडील म्हणाले, "हे काहून असं करून राहिलं?" आई गेल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी गरजेपेक्षा बरंच लांबलचक उत्तर दिलं. पुढे संध्याकाळी टाकीतल्या दिवसभराच्या घडामोडी मला ऐकवल्याशिवाय ते चहा घेईनात. खरं सांगायचं तर माझं पोवळ्यांचं वेड तोवर ओसरलं होतं. मला ती जगायला हवी होती ती वडिलांसाठी.

मे महिन्यात पेपर तपासायला मला नांदेडला मुक्कामी जावं लागलं. जाताना सगळं सांगून ठेवलं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून पातळी उतरली की फिल्टरचं गोडं पाणी घालायचं. कॅन भरून ठेवले होते. नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको. रोज त्यांचा फोन यायचा. पंखा चालू, लाइट गेली होती पण आली, पाणी बराबर. डेपोत नोंद द्यावी तसं.

परत आलो तर दारातच वास आला. टाकीतल्या कोळंब्या पालथ्या पडल्या होत्या, काचेवरच्या गोगलगायी गळून तळाशी गेल्या होत्या, आणि ते उघडमीट करणारं पोवळं वितळून तपकिरी चिकट गोळा झालं होतं. माझं डोकं फिरलं. बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी तपासायला लागलो. पाण्याचं तापमान ठीक, मीठ ठीक. मग चढ्या आवाजात विचारलं, पाणी कुठलं घातलं?

कॅन लवकर संपले होते. वडिलांनी पंखा क्षणभर बंद केला नव्हता, त्यामुळे पाणीही भराभर उडालं होतं. "नळाचं थेंबभर बी सरळ टाकलं न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हंड्यातलं टाकलं. रोज चिंचेनं घासून, रातभर ठिवून."

हंडा तांब्याचा. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी उपाशीपोटी प्यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्याहून शुद्ध पाणी त्यांच्या लेखी जगात नव्हतं. हंड्यातलं पाणी पोवळ्यांना पुरावं म्हणून वडील स्वतः माठातलं प्यायले होते. आणि खाऱ्या पाण्यातल्या या जिवांना तांब्याचा अंशसुद्धा विष असतो. नळ आणि बोअर मी बजावून सांगितले होते, हंडा माझ्या ध्यानीमनी नव्हता.

वडील हात मागे बांधून टाकीकडे बघत होते. कशानं झालं असेल, म्हणून त्यांनी विचारलं.

"गरमीनं, बाबा," मी म्हणालो. "यंदा ऊनच तसं हाय. तुमी सगळं बराबर केलं."

पाणी बदलून पाहिलं, काहीही वाचलं नाही. शेवटी टाकी रिकामी करून धुतली. आपण त्यांना एका दुःखातून वाचवलं याचं मला थोडं समाधानही वाटत होतं. पुण्याहून दुसरी आणतो, जरा काटक जातीची, असं मी म्हटलं. वडील कोरड्या काचेसमोर खुर्चीत बसले होते.

"नको," ते म्हणाले. "तुह्या आईला बी शेवटी मीच पानी पाजत होतो. चमच्याचमच्यानं. तवा बी सगळं बराबरच करत होतो. माह्या हातचं पानी कोणाला मानवतच न्हाई."

तांब्याचं नाव काढलं असतं तर दोष हंड्यावर गेला असता, हातावर नाही. हे माझ्या लक्षात आलं तोवर ते उठून आत गेले होते.