भांडून आणलेलं शिफारसपत्र

गल्लीत तिला सगळे शिक्केवाली म्हणत. झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खणात कुलूपबंद ठेवलेला गोल शिक्का. बाहेर शिकायला जाणाऱ्या पोरांची कागदपत्रं तिकडच्या भाषेत उतरवायची आणि मुळाबरहुकूम म्हणून खाली शिक्का मारायचा, हा तिचा धंदा.

प्राध्यापक म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. जन्म पुस्तकांत गेला तरी या लोकांना शिफारशीची चार वाक्यं धड सुचत नाहीत. विद्यार्थी वेगळे, पत्र एकच. नाव तेवढं बदलायचं, बाकी बघायचं नाही. एका दाढीवाल्या पोराला असंच कोणी 'सुशील कन्या' करून टाकलं होतं.

एके दिवशी तिची भाची विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आली. या एका पत्रावर तिचा प्रवेश अडला होता. त्यात लिहिलं होतं: 'विद्यार्थिनी अत्यंत नम्र असून तिने वर्गात एकदाही प्रश्न विचारला नाही.'

"सरांनी कौतुकच केलंय ना, आत्या?"

"इथे कौतुक. तिकडचे म्हणतील, मुलगी मठ्ठ दिसतेय."

भाचीचा चेहरा उतरला. ते वाक्य गाळून टाक, कोणाला कळणार आहे, असं ती काकुळतीने म्हणाली. आत्याचे हात शिवशिवले. पण वाक्यं गाळून शिक्के मारणारे बाजारात होते आणि त्यांना ती या प्राध्यापकांच्याच पंगतीत बसवत असे. तिने सांगितलं, मूळ पत्रच बदलून आण.

भाची परतली ती डोळे लाल करून. सर आधी मान वर करेनात. मग म्हणाले, मी सगळ्यांना हेच लिहितो. हिने विचारलं, त्यातल्या किती जणांना प्रवेश मिळाला? मग ही म्हणाली, तुम्ही प्रश्न विचारूच देत नव्हता, म्हणून विचारले नाहीत. झालं, सरांचं पित्त खवळलं. तुझी लायकीच लिहून देतो म्हणाले, जुनं पत्र फाडलं आणि तिथल्या तिथे नवं खरडून हातात दिलं.

"संपलं सगळं, आत्या."

आत्याने कागद घेतला. 'ही विद्यार्थिनी वाद घालते. शिक्षकाने सांगितले म्हणून मान्य करीत नाही, पुरावा मागते. समोर कोण बसले आहे याची तिला भीड नाही.' वाचता वाचता आत्या इतकी हसली की खुर्ची करकरली.

"या माणसाला धड बदनामीसुद्धा करता येत नाही," ती म्हणाली. मग तिने शब्दाला शब्द लावून ते पत्र उतरवलं, कुठेही सौम्य केलं नाही, आणि दणकन शिक्का मारला.

भाचीला प्रवेश मिळाला. तिचा बाप भाबडा, सरांचे आभार मानायला गेला. माझं पत्र होतं म्हणून झालं, असं सरांनी छाती फुगवून त्याला ऐकवलं. भावाकडून हे कळल्यावर आत्याने नुसतं नाक मुरडलं. त्या ठोकळ्याला कशाने झालं ते कळलंच नव्हतं.

थोड्या दिवसांनी सरांचीच दुसरी एक विद्यार्थिनी खोलीत आली. पत्र तेच. अत्यंत नम्र, एकदाही प्रश्न नाही.

आत्याने कागद तिच्याकडे परत सरकवला.

"हे नको, बाळ. आधी सरांशी भांडून ये."